एल ग्वेग्वेन्से : नाटक अस्सल, छपाई दोन नंबरची

नाटकाला पाच तारे, पुस्तकाला एक. वेगवेगळे द्यायची सोय नाही, म्हणून तीन दिलेत.

मी ठाण्यात हौशी नाटकं बसवते. एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की नवं काही सापडतंय का म्हणून कुठकुठली लोकनाट्यं धुंडाळत असते. मध्य अमेरिकेतला निकाराग्वा म्हटलं की कवी रुबेन दारिओचं नाव निघतं आणि विषय संपतो. पण त्याच्या जन्माच्या आधीपासून तिथे रस्त्यावर, सणासुदीला एक नाटक होत आलंय, तेच हे ‘एल ग्वेग्वेन्से’. लेखक कोण, कुणालाच ठाऊक नाही. भाषा स्पॅनिश आणि नाहुआत्ल (तिकडच्या मूळ रहिवाशांची भाषा) यांची सरमिसळ. १८८३ साली डॅनियल ब्रिंटन या अमेरिकन अभ्यासकाने फिलाडेल्फियात ते इंग्रजी भाषांतरासकट छापलं. मी ऑनलाइन मागवलं ते त्याचंच पुनर्मुद्रण.

गोष्ट एवढीशी. गव्हर्नरची तिजोरी रिकामी. ग्वेग्वेन्से हा फिरता म्हातारा व्यापारी परवान्याशिवाय मुलखात शिरलाय, म्हणून शिपाई त्याला धरायला येतो. म्हातारा बहिऱ्याचं सोंग घेतो आणि प्रत्येक वाक्याचा भलताच अर्थ लावतो. साहेबाला मुजरा कसा करायचा हे शिकवायचेही शिपाई पैसे मागतो! परवाना विचारला तर म्हातारा खिडकीतल्या एका पोरीची गोष्ट सांगत बसतो. मग संपत्तीच्या बढाया. एक मुलगा बापाच्या प्रत्येक थापेला मान डोलावतो, दुसरा तिथल्या तिथे उघडं पाडतो. शेवटी मान डोलावणाऱ्याचं लग्न गव्हर्नरच्या मुलीशी लागतं. मुलीला मात्र अख्ख्या नाटकात एक वाक्य नाही. (ही भूमिका मी आमच्या ग्रुपमध्ये कुणाला देऊ? भांडणं होतील.)

ज्याने तमाशातली बतावणी पाहिलीय त्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. सोंगाड्या समोर उभा असल्यासारखं मी ते मोठ्याने वाचत गेले. एकच सवाल चारचारदा फिरून येतो. कागदावर ते कंटाळवाणं वाटतं, पण नटाच्या तोंडी दर फेरीला हशा वाढत जाईल. ब्रिंटन विद्वान माणूस, प्रस्तावना लांबलचक आणि कामाची आहे, पण त्याचं इंग्रजी फार इस्त्रीचं. मराठीत करायचं तर मूळ स्पॅनिश जाणणारा कुणीतरी शेजारी बसवावा लागेल.

आता छपाई. कुणीतरी जुन्या प्रतीचं स्कॅन उचलून तसंच छापलंय. पानं तिरकी, कडेची अक्षरं शिवणीत गेलेली. संगीताच्या स्वरलिपीचं पान इतकं काळं की सूर कुठला आणि डाग कुठला कळत नाही. हे मला जास्त लागलं, कारण या प्रयोगात नाच आणि वादन संवादांइतकंच मोठं आहे. व्हायोलिन, गिटार, ढोल, लाकडी मुखवटे, आणि खेचरांचे मुखवटे घालून नाचणारे ‘माचो’. मुखपृष्ठावर भलत्याच कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्याचा फोटो. आत एकही चित्र नाही. किंमत साडेसहाशे. विक्रेत्याला तक्रार लिहिली, उत्तर आलं, ‘जुन्या पुस्तकात असं असतंच.’

विकत घेऊ नका. मूळ १८८३ची प्रत कॉपीराइटबाहेर आहे, इंटरनेटवर फुकट मिळते. स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करून घ्या, याच्यापेक्षा स्वच्छ निघेल. मी तेच केलं आणि आता त्यावरच पेन्सिलीने हालचाली लिहितेय. वाचण्याआधी निकाराग्वातल्या दिरियाम्बा गावातले व्हिडिओ जरूर बघा. तिथे जानेवारीत सान सेबास्तियानच्या जत्रेत हे अजूनही रस्त्यावर होतं. युनेस्कोने २००५ मध्ये त्याची दखल घेतली. मुखवट्याआडून आवाज कसा काढायचा, हा माझा पुढचा प्रश्न. मुखवटे घालून कुणी काम केलं असेल तर खाली लिहा.