घडीच्या चाकूचं लॉक घरीच दुरुस्त केलं : काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो. लॉक पक्कं आहे, एकदाही सरकलेलं नाही, आणि कानस हातात घ्यावीच लागली नाही.

माझा चाकू लायनर लॉकचा. मुठीतल्या पत्र्याची, म्हणजे लायनरची, एक पत्ती स्प्रिंगसारखी आत येते आणि उघडलेल्या पात्याच्या बुडाखाली अडते. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याला आजचं रूप दिलं. रचना इतकी साधी, की बिघाड डोळ्यांनी दिसतो. पात्याच्या पाठीवर जोर आला की माझी पत्ती सुटायची. मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत आपलीच बोटं असतात, म्हणून त्या दिवसापासून चाकू बाजूला ठेवला.

स्क्रू टॉर्क्सचे, म्हणजे डोक्यात सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच असलेले, टी-६ आणि टी-८ मापाचे. घट्ट बसलेल्या स्क्रूला सोल्डरिंग गनचं टोक थोडा वेळ टेकवलं, की आतला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद, मऊ होतो. नुसती ताकद लावली तर स्क्रूचं डोकं झिजतं. खोलल्यावर स्टॉप पिनभोवती, म्हणजे उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं त्या पिनभोवती, तेलात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या भुश्शाचा कडक थर दिसला. पातं पिनला नीट टेकतच नव्हतं, म्हणजे पूर्ण उघडत नव्हतं. मग पत्तीला बुडाखाली शिरायला जागा कुठून मिळणार? आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसलं. पत्ती आणि बूड जिथे भिडतात तिथे तेल अजिबात ठेवलं नाही. पत्तीचा ताणही कमी झाला होता, म्हणून ती अगदी किंचित आत वाकवली. पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या आसाचा, स्क्रू पात्याचा आडवा खेळ जाईल इतकाच आवळला आणि वर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब.

पात्याच्या बुडाला साधारण ७ ते १० अंशांचा उतार असतो. पत्ती धरते ती त्या उतारावर. तो हाताने घासून सुधारायला जाऊ नका, गेलेला धातू परत येत नाही.

मधे पत्ती चिकटायला लागली होती. भिडणाऱ्या जागी शिसपेन्सिल घासली आणि ती मोकळी झाली. आता पत्ती बुडाच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत येते, ते योग्यच आहे. पुठ्ठा कापून झाला की मी ब्रशने आतला भुसा काढतो. तपासताना पाठीवर हाताने हळू दाब द्यावा, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून. टेबलावर आपटून बघणं मला पटत नाही, त्याने चांगलं लॉकही खराब होतं. पत्ती पलीकडच्या लायनरला टेकू लागली, तर मात्र जाड स्टॉप पिन बसवण्याचं काम जाणकाराकडेच द्यावं.