डॉ. सीमा समर यांचं 'आउटस्पोकन' वाचून झालं, एका नर्सचा रिव्ह्यू

पुस्तक मागवलं तेव्हा लेखिकेबद्दल मला एवढंच माहीत होतं की अफगाणिस्तानातल्या डॉक्टर आहेत आणि १९९४ साली त्यांना मॅगसेसे मिळालंय. मी स्वतः स्टाफ नर्स, निम्मं आयुष्य लेबर रूममध्ये गेलं, त्यामुळे डॉक्टर बाईने स्वतःबद्दल लिहिलंय म्हटलं की मी घेतेच. पार्सल आलं ते एक कोपरा भिजलेलं, सेलरला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही, पण आतली पानं नीट होती म्हणून परत नाही केलं. आता दोनदा वाचून झालंय आणि मनात इतकं साचलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, लांबलं तर सांभाळून घ्या.

पुस्तक २०२४ ला आलं, कॅनडाच्या पत्रकार सॅली आर्मस्ट्राँग यांच्या साथीने लिहिलेलं. मी इंग्रजीत वाचलं, भाषा साधी आहे, डिक्शनरी घेऊन बसावं लागत नाही. डॉक्टरबाई म्हणतात की आपल्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत, आपण बाई आहोत, आपण बायकांच्या बाजूने बोलतो आणि आपण हजारा आहोत. हजारा म्हणजे मधल्या डोंगराळ भागातला समाज, बहुतेक शिया, आणि त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या अत्याचार होत आलेत, १८९० च्या दशकात अमीर अब्दुर रहमानच्या काळात तर कत्तली झाल्या, माणसं गुलाम म्हणून विकली गेली. हे आधी माहीत करून घेतलं तर पुढचं जास्त कळतं, मला मध्येच थांबून शोधावं लागलं.

जन्म १९५७ चा, गझनी प्रांतातल्या जागोरीचा. मेडिकलला जायचं तर आधी लग्न, घरच्यांची अट. म्हणजे शिकण्यासाठी लग्न केलं बाईंनी, आपण नेहमी ऐकतो लग्नामुळे शिक्षण सुटलं, इथे उलटं. काबूल युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन झाली, मूल झालं, आणि १९७९ ला कम्युनिस्ट राजवटीत नवऱ्याला पकडून नेलं. तो परत आलाच नाही. मेल्याची खबर नाही, कबर नाही, कागद नाही. आणि या सगळ्यात १९८२ ला बाई डॉक्टर होतात, हजारा समाजातून डॉक्टर होणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ, कारण परीक्षेचा अभ्यास, कडेवर पोर आणि दारावर थाप पडली की काळजात धस्स, हे तिन्ही एकत्र कसं केलं असेल याचा विचारच करवत नव्हता.

मग काबूल सोडून जागोरीकडे, तिथल्या डोंगरातल्या गावांमध्ये प्रॅक्टिस. रस्ते नाहीत, दुसरी बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरने बाईला तपासायचं नाही. माझ्यासाठी पुस्तकाचा जीव या भागात आहे, आणि मला वाटतं बाईंचं पुढचं सगळं काम, मंत्रिपद काय आणि आयोग काय, इथूनच निघालंय. कारण पेशंट तपासताना त्यांना दिसत गेलं की आजार पोटात नाहीये, घरात आहे. वय काय, लग्न कधी झालं, कितवं बाळंतपण, दवाखान्यात यायची परवानगी कुणी द्यायची, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं का. आम्ही केस पेपरवर हिस्ट्री लिहितो ना, त्या हिस्ट्रीतच सगळं असतं, फक्त आम्ही ती लिहून पुढच्या पेशंटकडे जातो. डॉक्टरबाई गेल्या नाहीत, तिथेच थांबल्या.

१९८४ ला लहान मुलाला घेऊन पाकिस्तानात, क्वेट्टाला. तिथे अफगाण निर्वासितांची गर्दी, पण बायकांसाठी उपचार जवळजवळ नाहीतच. आधी एका मिशन हॉस्पिटलच्या निर्वासितांसाठीच्या शाखेत काम केलं आणि मग १९८९ ला स्वतःची संस्था, शुहदा. शुहदा म्हणजे शहीद. दवाखाने तर काढलेच पण सोबत शाळा काढल्या, आणि २०१२ पर्यंत शंभराहून जास्त शाळा आणि १५ दवाखाने-हॉस्पिटलं चालत होती. त्याच वर्षी राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पुरस्कारांचं मला एवढं नाही, मला त्या शाळांचं वाटतं, कारण दवाखाना काढणाऱ्या डॉक्टर पुष्कळ असतात पण दवाखान्याशेजारी शाळा हवी हे कळायला वेगळं डोकं लागतं. आज ज्या मुलीला वर्गात बसवली तीच उद्या नर्स होणार, मिडवाइफ होणार, नाहीतर निदान गोळी किती वाजता घ्यायची ते वाचणार.

आता एक गोष्ट जी डॉक्टरबाई वर्षानुवर्षं जगाला सांगत आल्यात आणि जी वाचून मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना फोन केला. ऑस्टिओमलेशिया. बाई बुरख्यात, घराबाहेर पडायची बंदी, अंगाला ऊन नाही, व्हिटॅमिन डी नाही, त्यात ताटात सगळ्यात कमी तिच्याच, मग हाडं मऊ पडतात. पाठ दुखते, मांड्या दुखतात, चाल बदलते, आणि कमरेचं हाड वाकडं झालं की बाळाला बाहेर यायची वाटच अरुंद होते. आमच्याकडे अशी केस आली तर आम्ही सीपीडी लिहितो, म्हणजे बाळाच्या डोक्याच्या मानाने वाट अरुंद, ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली तयार करतो, सिझर होतं, आई-बाळ दोघं घरी जातात. डोंगरातल्या गावात ओटी कुठून आणणार? कॅल्शियम लिहून देता येईल, डीची गोळी देता येईल, पण या बाईचं खरं औषध ऊन आहे, आणि ते कुठल्या केमिस्टकडे मिळणार? मानवाधिकार हा शब्द मला कायम भाषणातला वाटायचा, मोठ्या हॉलमध्ये माइकवर बोलायचा. इथे तो एका बाईच्या कमरेच्या हाडात दिसला.

एक आकडा मी स्वतः शोधला, पुस्तकाच्या बाहेरचा, पण संबंध आहे म्हणून सांगते. २००२ ला युनिसेफ आणि सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने अफगाणिस्तानात पाहणी केली तेव्हा एक लाख जिवंत जन्मांमागे साधारण १६०० आया दगावत होत्या. बदख्शान प्रांतातल्या राघ जिल्ह्यात ६५००. म्हणजे दर शंभर बाळांमागे सहा-सात आया. मी ज्या वॉर्डात उभी असते तिथे एक जरी माता मृत्यू झाला तरी कित्येक दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, मीटिंगा होतात, फाइल वरपर्यंत जाते.

तालिबानची पहिली राजवट १९९६ ते २००१. त्या काळातही शुहदाच्या मुलींच्या शाळा डोंगराळ भागात चालू राहिल्या, काबूलमध्ये घराघरांत लपून वर्ग. धमक्या आल्या, शाळा बंद करा नाहीतर बघून घेऊ. बाईंचं उत्तर असं की मी कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे, या, चौकात फाशी द्या, आणि लोकांना माझा गुन्हा सांगा, हिने मुलींना कागद-पेन्सिल दिली. हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो काही बोललाच नाही, नंतर म्हणाला परत वाच.

तालिबान गेल्यावर, डिसेंबर २००१ ला हमीद करझाईंच्या हंगामी सरकारात त्या उपाध्यक्ष आणि महिलांच्या खात्याच्या मंत्री झाल्या, नवीन खातं, सगळं शून्यापासून. सहा महिन्यांत धर्मनिंदेचा आरोप, धमक्या, आणि पद गेलं. मग २००२ पासून २०१९ पर्यंत अफगाणिस्तानच्या मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष, मध्ये २००५ ते २००९ संयुक्त राष्ट्रांसाठी सुदानमधल्या मानवाधिकारांचंही काम पाहिलं. आयोगाने देशभर हजारो लोकांना विचारलं, तुमच्यावर किंवा तुमच्या जवळच्या माणसांवर काय गुदरलं, आणि जानेवारी २००५ ला अहवाल आला, ६९ टक्के लोक म्हणाले की आम्ही स्वतः किंवा आमच्या घरचं कुणीतरी बळी आहोत. हे विचारणारी बाई स्वतः त्या ६९ टक्क्यांतली, तिचा नवरा गेला तो गेलाच. मला वाचताना सारखं हेच आठवत होतं.

त्यानंतर अजून मोठं काम, १९७८ पासून २००१ पर्यंत कुठे काय अत्याचार झाले, कुणी केले, त्याची नोंद, आठशेहून जास्त पानं. २०११ ला तयार झाली. अधिकृतपणे कधीच बाहेर आली नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांच्यातले कितीतरी जण सत्तेत बसलेले होते, आणि २००७ ला तर संसदेने जुन्या गुन्ह्यांना माफीचा ठरावच केला होता. पेशंटच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, रिपोर्ट आलेत, आणि फाइल उघडायची नाही असा वरून हुकूम, तसं झालं हे. राग येतो हो वाचताना.

आता जे मला कमी वाटलं ते पण सांगते. आयोगाचा भाग वाचताना मी अडखळले, माणसांची नावं, परिषदा, करार, कोण कुणाच्या बाजूला, मी एका कागदावर तारखा लिहून काढल्या तेव्हा कुठे सरळ लागलं. आणि दवाखान्यातलं अजून हवं होतं. एक-एक पेशंट, तिचं काय झालं, पुढे तिची मुलगी शाळेत गेली का, हे मला पन्नास पानं जास्त चाललं असतं. ही तक्रार कदाचित फक्त माझ्यासारख्या वॉर्डमधल्या बाईची असेल, राजकारण आवडणाऱ्यांना उलट तोच भाग आवडेल. एक मात्र नक्की, कुणी या बाईंना अफगाणिस्तानच्या सावित्रीबाई वगैरे म्हणू नये असं मला वाटतं, दोघींनी काय काय सोसलं ते ज्याचं त्याचं वेगळं आहे, दुसऱ्याच्या नावाने ओळख कशाला.

शेवट वाचायला जड आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल परत तालिबानच्या हातात गेलं, सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद. २३ मार्च २०२२ ला शाळा उघडल्या, मुली दप्तरं घेऊन वर्गात बसल्या आणि काही तासांत परत घरी पाठवल्या. मे महिन्यात आयोगच बरखास्त केला, बाईंनी १७ वर्षं सांभाळलेला. डिसेंबरमध्ये युनिव्हर्सिट्या बंद. पुस्तक आल्यानंतर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, युनेस्कोने सांगितलं, किमान १४ लाख मुली बंदीमुळे शाळेबाहेर. डॉक्टरबाई आता देशाबाहेर राहून बोलतायत.

आणि त्याच वर्षी, डिसेंबर २०२४ ला, नर्सिंग आणि मिडवाइफरीचे कोर्सपण मुलींना बंद केले. ही बातमी मी ड्यूटीवर असताना वाचली होती, तेव्हा या बाईंचं नावही मला नीट माहीत नव्हतं. पुरुषाने तपासायचं नाही आणि बाईने शिकायचं नाही, मग कळा सुरू झालेल्या बाईने जायचं कुठे?

पाच पैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा त्या तारखांच्या गुंत्यासाठी कापला. माझी कॉपी सध्या आमच्याकडे ट्रेनिंगला आलेल्या एका मुलीकडे आहे, तिच्यानंतर अजून दोघींनी नंबर लावलाय.