रॉकचे सहा जुने अल्बम, बरेच महिने: काय झिजलं, काय टिकलं

या सहाही अल्बममधलं निदान एकेक गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणार. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी वाजवलेलं, नाहीतर मित्राच्या मोठ्या भावाच्या कॅसेटवर ऐकलेलं. माझीही ओळख तेवढीच. गाणी पाठ, पण ती ज्या अल्बममधली तो अख्खा कधी ऐकलेला नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी प्लेलिस्ट बंद केल्या. एक अल्बम घ्यायचा, आहे त्या क्रमाने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं काही गाळायचं नाही आणि कंटाळा येईपर्यंत तोच लावायचा. कंटाळा आला की पुढचा. मध्ये थोडे आठवडे जाऊ देऊन मागचा परत काढून बघायचा. जाता-येता लोकलमध्ये हेडफोनवर, रविवारी घरी स्पीकरवर.

इतक्या महिन्यांनी माझं मत ठाम झालंय. ज्या गाण्यासाठी आपण अल्बम लावतो तेच सगळ्यात आधी झिजतं, आणि बरेचदा खरा माल तबकडीच्या दुसऱ्या बाजूला असतो. याला सणसणीत अपवाद आहे, तो आधी घेतो.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. जेमतेम ४३ मिनिटांचा. हृदयाच्या ठोक्यांवर सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो, त्यामुळे लागोपाठ दोनदा लावला तरी जोड कळत नाही. 'टाइम'च्या सुरुवातीला घड्याळांचे गजर होतात, ते ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात टिपले होते. तेही या गाण्यासाठी नव्हे, क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरवरच्या आवाजाच्या प्रात्यक्षिकासाठी. सुरुवातीला दर वेळी त्या गजरांनी दचकायला व्हायचं. आता त्यांच्याकडे लक्षही जात नाही. कान टवकारतात ते गजर थांबल्यावर, जेव्हा ड्रमवादक निक मेसन रोटोटॉम या सुरात लावता येणाऱ्या ड्रमवर सावकाश, जागा सोडत सोडत वाजवत राहतो आणि गाणं काही केल्या सुरूच होत नाही.

'मनी'चं वेगळंच. सात मात्रा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाचा हात मांडीवर रूपक ताल धरायला जातो. पण रूपकात समेवर खाली, म्हणजे टाळीशिवायची मात्रा असते, आणि इथे वॉटर्सचा बेस पहिल्याच मात्रेवर वजन टाकतो. टाळी द्यायच्या जागा पार चुकतात. सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा त्याच सातात चालतो. मग गिल्मोरची गिटार सुरू होते आणि गाणं अचानक सरळ चारच्या ठेक्यात पळायला लागतं. तिथे जो सुटल्याचा आनंद होतो तो अजून कमी झालेला नाही. सोलो संपवून पुन्हा सातात शिरतात तेव्हा मी अजूनही एखाद्या मात्रेने अडखळतो.

आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला ३० पौंडांवर बोलावलं होतं. शब्द नाहीत, तिने नुसता आवाज लावला. पुढे २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून बँडच्या रिक राइटबरोबर तिचं नाव रचनाकार म्हणून लागतं. लागायलाच हवं होतं. ते गाणं राइटच्या पियानोवर उभं असलं तरी लक्षात तीच राहते, आणि दर वेळी तिच्या आलापीत नवीन जागा सापडते. वाजवून वाजवून कमी न झालेलं असं दुसरं काही या यादीत नाही.

तक्रार म्हणाल तर 'ऑन द रन'. हेडफोनवर तो सिंथेसायझर डाव्या कानातून उजव्या कानात पळतो ते झकास वाटतं. स्पीकरवर लावलं की घरच्यांना मिक्सर बिघडल्यासारखं ऐकू येतं. शिवाय ॲपमधलं 'गॅपलेस' सुरू आहे ना ते आधी बघा. दोन गाण्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तरी हा अल्बम मरतो.

आता ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', १९७६ च्या डिसेंबरातलं. आपल्याकडे या गाण्याचं जे झालं ते फार थोड्या इंग्रजी गाण्यांचं झालं असेल. गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा, हॉटेलातला प्रत्येक बँड, प्रत्येक रियुनियन. मला वाटलं होतं, मूळ ध्वनिमुद्रण नीट ऐकलं तर त्यात जीव येईल. आला, पण दोन आठवडेच. गिटारवादक डॉन फेल्डरने घरी केलेल्या कच्च्या चालीला बँडमध्ये 'मेक्सिकन रेगे' म्हणायचे, हे कळल्यावर खालचा रेगेचा उलटा ठेका ऐकू यायला लागला आणि काही दिवस मजा वाटली. शेवटी फेल्डर आणि जो वॉल्श एकमेकांना उत्तरं देत वाजवतात तो भाग आजही चांगलाच आहे. पण तिथवर पोचायला चार मिनिटं थांबावं लागतं, आणि तेवढा धीर आता माझ्यात उरलेला नाही.

उरलं ते सगळ्यात शेवटचं, 'द लास्ट रिझॉर्ट'. सात मिनिटांच्या वर आहे, पियानोवर सुरू होतं, आणि गायक डॉन हेन्ली त्यात माणसं पश्चिमेकडे सरकत सरकत चांगली जागा शोधतात आणि तिची वाट कशी लावतात ते सांगतो. आधीच्या लोकांना हुसकावून. गाणं कुठेही उसळत नाही, फक्त भरत जातं. कोकणात जमिनींचे बोर्ड बघत गाडी चालवताना ते एकदा लागलं, त्यानंतर ते माझ्यासाठी कॅलिफोर्नियाचं राहिलेलं नाही. बाकी 'न्यू किड इन टाउन' गोड आहे. 'लाइफ इन द फास्ट लेन'ची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, जोरदार, गाणं मात्र त्या रिफएवढं नाही.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, १९७१. त्याला नावच नाही, मुखपृष्ठावर बँडचंही नाही. लोक सोयीसाठी 'फोर' म्हणतात. 'स्टेअरवे टू हेवन'बद्दल फार बोलत नाही. ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात, ती कल्पना आजही दाद देण्यासारखी आहे, पण गाणं कुठे वळणार हे सगळ्या जगाला ठाऊक झालंय. पहिल्या बाजूवर मला अजून धरून ठेवतं ते 'द बॅटल ऑफ एव्हरमोर', गिटारवादक पेजने वाजवलेल्या मँडोलिनमुळे आणि त्याहून जास्त सँडी डेनीच्या आवाजामुळे. झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बमवर त्यांचा गायक प्लांटच्या बरोबरीने गायलेली पाहुणी गायिका ती एकटीच.

दुसरी बाजू लावा. 'फोर स्टिक्स'मध्ये ड्रमवादक बॉनम एकेका हातात दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, आणि पाच नि सहा मात्रांचे गट असे गुंफलेत की पहिले कित्येक दिवस मला ते नुसतं घाईचं वाटलं. मग त्याची मुंबई आवृत्ती शोधली. होय, आपली मुंबई. १९७२ च्या ऑक्टोबरात पेज आणि प्लांट इथे आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी मुद्रित केली. अधिकृतपणे ती बाहेर आली थेट २०१५ मध्ये, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. 'फोर स्टिक्स' तिथे 'फोर हँड्स' या नावाने आहे. तबल्यावर तो हिशेब एकदम मोकळा होतो. ते ऐकून मग मूळ गाण्याकडे परत गेलो, तेव्हा कुठे बॉनम काय करतोय ते कळलं. त्याच मुक्कामात दोघं कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोमध्ये जाऊन वाजवून आले, हा किस्सा मुंबईच्या जुन्या रॉकवाल्यांकडून तुम्ही ऐकला असेलच. नसेल तर एकदा विषय काढून बघा, मग मात्र तासभर सुटका नाही.

पण हा अल्बम ऐकायचं कारण 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मॅकॉय यांचं, १९२९ चं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपेलिनने ते हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात वाजवलं. ड्रम जिन्याखालच्या हॉलमध्ये आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगलेले. म्हणून तो आवाज इतका उंचावरून आणि इतका जड येतो. खोली वाजते म्हणतात ती अशी. जुलैत कुर्ल्याच्या अलीकडे रुळांवर पाणी साचून गाडी उभी होती तेव्हा हेच लागलं होतं, आणि सात मिनिटं मी कोणालाही फोन केला नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र हे ऐकूच नका. बेस नसेल तर यातलं काहीही हाती लागत नाही.

डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ची (१९७२) जन्मकथा त्याच्या गाण्यातच आहे. १९७१ च्या डिसेंबरात ते ध्वनिमुद्रणासाठी स्वित्झर्लंडच्या माँत्रोला गेले. तिथे फ्रँक झापा या अमेरिकी संगीतकाराच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन झाडली आणि ज्या कॅसिनोत मुद्रण करायचं तोच जळाला. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून, रोलिंग स्टोन्स या बँडच्या ट्रकमधल्या फिरत्या स्टुडिओत त्यांनी अल्बम उरकला. त्या गाडीपर्यंत जायचा रस्ता खोल्या आणि बाल्कन्यांतून इतका वेडावाकडा होता की वाजवलेलं जाऊन ऐकायचाही त्यांना कंटाळा यायला लागला. हा आळस अल्बमला मानवलाय. फार घासूनपुसून केलेलं नाही, पाच माणसं एका ठिकाणी वाजवतायत एवढंच ऐकू येतं.

'स्मोक ऑन द वॉटर' झिजलं का? झिजलं. गिटारच्या दुकानात ते वाजवायला बंदी असावी अशा मताचा मी झालोय. गंमत म्हणजे बँडला ते चालेल असं वाटलंच नव्हतं. त्यांनी आधी सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून 'नेव्हर बिफोर' काढलं, जे आज कोणाला आठवत नाही, आणि योग्यच आहे. 'हायवे स्टार' मात्र आजही सकाळी कॉफीच्या आधी चालतं. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून गेल्यामुळे गिटारइतकाच खरखरतो. त्याचा सोलो आणि नंतर ब्लॅकमोरचा गिटारवरचा, जुना जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा सोलो, दोन्ही शिट्टीवर पाठ झालेत. तरीही माझं मत 'पिक्चर्स ऑफ होम'ला. इयन पेसचे ड्रम, ग्लोव्हरचा छोटासा बेस सोलो आणि गायक गिलनचा एकाकी सूर. २०२४ मध्ये अल्बमचं नवं मिश्रण आलं, ते केलं ड्वीझिल झापाने, म्हणजे त्या रात्री ज्याचा कार्यक्रम होता त्याच्या मुलाने. वाद्यं त्यात सुटी-सुटी आणि स्वच्छ ऐकू येतात. मी दोन्ही बरेच दिवस आलटून पालटून ऐकलं आणि मूळ, जरा धुरकट आवाजाकडे परत आलो.

इथे एक सर्वसाधारण वैताग नोंदवतो. ॲपवर अल्बम शोधला की आधी समोर येते ती 'डीलक्स' आवृत्ती. शेवटचं गाणं संपून तुम्ही गप्प बसलेले असता आणि पुढच्याच सेकंदाला त्याच गाण्याचा कच्चा मसुदा सुरू होतो. मूळ आवृत्ती खाली कुठेतरी दडलेली असते. ती शोधून जतन करून ठेवा.

यू-टूच्या 'द जोशुआ ट्री'च्या (१९८७) बाबतीत तर हे हमखास होतं. १५ डिसेंबर २०१९ ला त्यांनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हा अल्बम क्रमाने अख्खा वाजवला. मीही होतो. पहिल्या तीन गाण्यांना स्टेडियम उभं होतं. 'रेड हिल मायनिंग टाउन' येईपर्यंत आजूबाजूचे अर्धे लोक वडापाव आणायला गेले. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही, कारण माझीही अवस्था फार वेगळी नव्हती.

या अल्बमचा क्रम कर्स्टी मॅकॉलने लावला. ती स्वतः उत्तम गायिका आणि ध्वनिमुद्रण-निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटची तेव्हाची बायको. आपल्या आवडीप्रमाणे लावला असं सांगतात, आणि ऐकताना ते पटतं, कारण सगळी गाजलेली गाणी पुढे एका रांगेत आहेत. घाईत असलेला माणूस चौथ्या गाण्याला निघून जातो. त्या पहिल्या तिघांपैकी माझ्यासाठी 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'ची सुरुवात तेवढी टिकली. ऑर्गन हळूहळू वर येतो, त्यातून 'द एज' या गिटारवादकाची प्रतिध्वनी घेऊन धावणारी गिटार. 'विथ ऑर विदाउट यू' सध्या बाजूला ठेवलंय.

त्या बदल्यात मिळालेला माल मोठा आहे. 'रनिंग टू स्टँड स्टिल' ही डब्लिनच्या उंच इमारतींमधली हेरॉइनची गोष्ट. 'वन ट्री हिल' हे ग्रेग कॅरोल या त्यांच्या माओरी सहकाऱ्यासाठी, जो १९८६ मध्ये अपघातात गेला. ऑकलंडच्या टेकडीचं नाव आहे ते. गायक बोनो शेवटी अक्षरशः ओरडतो आणि ते कुठेही खोटं वाटत नाही. 'मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड' अर्जेंटिनातल्या बेपत्ता मुलांच्या आयांबद्दल आहे. पावसासारखा एक यांत्रिक आवाज, त्यावर अगदी साधी चाल. आधी मला हे गाणं संपता संपत नाही असं वाटायचं. आज सहा अल्बममधून एकच शेवट निवडायला सांगितला तर हाच निवडेन.

क्वीनचं 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९७५) मी फार दिवस चालवू शकलो नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणून आपलेपणा आहे, तो असो. एकेक गाणं घेतलं तर कारागिरी अफाट. सिंथेसायझर वापरलेला नाही हे त्यांनी वेष्टनावर मुद्दाम छापलं होतं. 'द प्रॉफेट्स साँग'मध्ये फ्रेडीचा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनीशी गातो तो भाग हेडफोनवर ऐकाच, आणि गिटारवादक ब्रायन मे याचं '३९' हे मला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पेक्षा जास्त वेळा ऐकावंसं वाटतं. पण सलग ऐकताना दर तीन मिनिटांनी पडदा बदलतो. नाट्यगीत, रॉक, म्युझिक हॉलची (जुन्या इंग्रजी करमणुकीच्या रंगमंचाची) टवाळी, पुन्हा रॉक. लोकलमध्ये उभ्याने एवढं झेपत नाही. हा अल्बम तुकड्यांत ऐकला तरी चालतो, किंबहुना तसाच ऐकावा.

ज्याला यातलं काहीच अख्खं ऐकलेलं नाही त्याने 'मशीन हेड'ने सुरुवात करावी. सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कमी आढेवेढे घेणारा. झेपेलिन ऐकायला बरा स्पीकर जमला की मगच. 'डार्क साइड' रात्री, दिवे घालवून वगैरे ऐकायची काही गरज नाही, सकाळी आठ-दहाच्या गाडीतही तो व्यवस्थित चालतो. फक्त ठाण्यानंतरच्या स्टेशनवर चढलात तर उतरायच्या आत संपेल की नाही याची चिंता. कल्याणहून चढलात तर सीएसएमटीपर्यंत पूर्ण होतो.