रशियाची सोयुझ की अमेरिकेचं स्पेस शटल, कोणतं अंतराळयान चांगलं?
ताकदीत शटलच सरस. सात अंतराळवीर आणि पोटात हबलसारखी अवजड दुर्बीण घेऊन ते उडायचं. सोयुझमध्ये जेमतेम तिघे, तेही गुडघे पोटाशी घेऊन.

तरी माझा कौल सोयुझलाच. तिच्या टोकावर सुटकेचं रॉकेट असतं. सप्टेंबर १९८३ मध्ये उड्डाणाआधीच अग्निबाणाला आग लागली, तेव्हा त्यानेच तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह या अंतराळवीरांना स्फोटाच्या काही सेकंद आधी उचलून दूर नेलं. १९८६ साली चॅलेंजर शटलमधल्या सातजणांना अशी वाटच नव्हती. सोयुझमध्येही १९६७ आणि १९७१ मध्ये मिळून चार जीव गेले. त्यानंतर एकही नाही.

राकेश शर्मा १९८४ साली सोयुझनेच गेले, सुखरूप परतले. २००३ मध्ये कोलंबिया शटलमधून कल्पना चावला परतल्या नाहीत, ते आजही टोचतं.