कलम ३३ की कलम ३५? स्कॉटलंडचं विधेयक अडवण्याच्या दोन वाटा

लिंगबदलाची कायदेशीर नोंद सोपी करणारं विधेयक स्कॉटिश संसदेने २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं. लंडनपुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारपुढे, ते अडवायच्या दोन वाटा होत्या, दोन्ही १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातल्या. कलम ३३ म्हणजे चार आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाला विचारायचं, हे एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, अधिकारात बसतं का? २०२१ मध्ये बालहक्क विधेयकाचं हेच झालं. कलम ३५ जास्त जहाल. अधिकार असला तरी लंडनच्या अखत्यारीतल्या कायद्यावर, इथे समता कायद्यावर, विपरीत परिणाम होतो म्हणून ब्रिटिश मंत्र्यानेच राजमान्यता (कायदा होण्यासाठी लागणारी राजाची मंजुरी) रोखायची. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारचे तेव्हाचे स्कॉटलंडमंत्री ॲलिस्टर जॅक यांनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांना पत्र लिहून ते वापरलं, इतिहासात प्रथमच. खरं तर दोन्ही सरकारांच्या समझोत्यात हा अखेरचा उपाय, आधी चर्चा. स्कॉटलंडच्या न्यायालयाने (कोर्ट ऑफ सेशन) मात्र जॅक यांचा आदेश वैध ठरवला. मला ३३ स्वच्छ वाटतं, पण विधेयक अधिकाराबाहेरचं असल्याचा दावा लंडननेही केला नव्हता.