सांगेकडचा टेन्ट कॅम्प: गवा सोडून सगळे भेटले

आधीच सांगतो, तीन स्टार दिलेत ते कॅम्पला. जनावरांना वेगळे द्यायची सोय असती तर पाचच्या पाच दिले असते, माकडांचा एक कापून.

नाव लिहीत नाही कारण माणसं वाईट नाहीत, पण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्याच्या बाजूला शोधलंत तर जाहिरात दिसेलच, त्यात काळा बिबटा, गवा, धनेश, सगळे फोटोत ओळीने उभे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो, मी, बायको, आमची नऊ वर्षांची चिंगी आणि पुण्याहून आलेला आतेभाऊ, जो हातभर लांब लेन्स घेऊनच आला होता कारण त्याला गवा पाहिजे होता. गवा म्हणजे आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, २११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, एक तरी दिसेल असं आम्हालाही वाटलं. शेण दिसलं. ताजं होतं एवढंच समाधान.

टेन्टमध्ये शिरल्या शिरल्या पहिला झटका म्हणजे झिप अर्ध्यावरच अडकते. केअरटेकरने दोन सेफ्टीपिना दिल्या आणि "जाता जाता" (म्हणजे होईल, होईल) म्हणून गेला. त्या सेफ्टीपिनांवर दोन रात्री काढल्या आम्ही.

मग बाथरूम. कमोडच्या कडेखाली, आतल्या बाजूला, एक पिवळसर तपकिरी बेडूक चिकटून बसलेला आणि तो कळतो कधी, तर तुम्ही बसल्यावर. बायकोची किंकाळी बहुतेक केप्यापर्यंत गेली असेल. केअरटेकर धावत आला, आत डोकावला आणि एकदम थंडपणे म्हणाला, "बेबो मरे तो, कितेंच करिना." (बेडूक आहे रे, काही करत नाही.) काढून झाडावर ठेवला, संध्याकाळी परत हजर, त्याच जागी, जणू पास काढलाय. शेवटी आम्हीच बसण्याआधी मोबाईलचा टॉर्च मारून बघायला लागलो. आतेभावाने जम्पिंग चिकनचा (गोव्यात खायच्या बेडकाला म्हणतात) जोक मारला तेव्हा केअरटेकर अजिबात हसला नाही, म्हणाला खायचे ते वेगळे आणि ते पकडले तरी केस होते. बरोबर आहे त्याचं.

दुसऱ्या दिवशी सावरीच्या धबधब्याकडे चालत नेलं, वाट मस्त, पण जळवांबद्दल एक शब्द कोणी आधी सांगितला नाही, हा माझा सगळ्यात मोठा राग. पाऊस संपत आला तरी ओल्या पानांवर त्या उभ्या राहून डुलत असतात आणि तुम्ही जवळ गेलात की तुमच्याच दिशेला वळतात. आम्ही तिघे बघून बघून काढत होतो (ओढायची नाही, नख बाजूने घालून सरकवायची, सुटते), आतेभाऊ मात्र "मला नाही लागत" म्हणत छाती काढून पुढे. रात्री शाकुती (आमचा गोव्याचा मसालेदार रस्सा) वाढली, पाय वर घेऊन बसला, मोजा काढला आणि आतून करवंदाएवढी फुगलेली एक जळू टपकन ताटाच्या बाजूला पडली. रक्त काही थांबेना, तिच्या लाळेतच ते गोठू न देणारं काहीतरी असतं. चिंगीने सात भोकं मोजली आणि मोठ्याने मोजली. शाकुती मात्र एक नंबर होती, तिरफळं घातलेलं दुपारचं खतखतंसुद्धा (मिश्र भाज्यांचं).

आता मुख्य पाहुणा. रात्री दोनच्या सुमाराला बायकोने कोपर मारलं, "एवढ्या रात्री भात कोणी लावलाय?" आणि खरंच, बासमती शिजताना येतो तसा वास, इतका स्पष्ट की मला भूक लागली. बाहेर टॉर्च मारला तर टेबलावर उदमांजर! तोंडावर चोरासारखा काळा पट्टा, समोर आमचा रसबाळी केळ्यांचा घड, आणि आमच्याकडे असं बघितलं की लाईट बंद करा जरा. वास त्याचाच. आतेभाऊ लेन्स लावेपर्यंत तीन केळी गेली आणि फोटोत आलं काय तर शेपटीचं टोक आणि सेफ्टीपिन. किचन म्हणजे नुसता ताडपत्रीचा आडोसा आहे हो, घट्ट झाकणाचा एक डबा ठेवायला काय जातं?

पहाटे साडेपाचला कोणीतरी आरामात शीळ घालत होतं, सूर लागत नाही पण सोडतही नाही अशी. वैतागून केअरटेकरला सांगायला बाहेर आलो तर तो पांघरुणात घोरत होता. शीळकरी कस्तुर पक्षी. झोप गेली पण राग आला नाही, तिथेच बसून ऐकत राहिलो.

तेवढ्यात टेन्टवर टपटप काहीतरी पडायला लागलं. वर बघितलं तर शेकरू, कसलंसं फळ सोलून साली आमच्या डोक्यावर टाकत होतं, शेपूट फांदीवरून खाली सोडलेलं, तांबूस आणि हातभर. आतेभाऊ उड्या मारायला लागला, "आमचा राज्यप्राणी आहे हा! महाराष्ट्राचा!" म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून गोव्यात आला आणि भेटला घरचाच. गोव्याचा मात्र शेवटपर्यंत आला नाही. आम्ही सगळे वर बघत असताना माकडांनी नाश्त्याचे उंडे (गोल पाव) नेले, पातळ भाजी तेवढी ठेवली. चिंगीच्या क्रॉक्समध्ये छोटी कुर्ली (खेकडा) निघाली ती गडबडीत सांगायची राहिली.

पैसे माणशी अडीच हजार एका रात्रीचे, जेवण धरून. मोठं जनावर बघायला जाणार असाल तर नका जाऊ, नेटवर्क पाहिजे असेल तरी नका जाऊ. मीठ, लांब मोजे आणि झाकणाचा डबा घरूनच न्या.

जानेवारीत परत जायचं म्हणतोय, तेव्हा जळवा नसतात. मालक फोनवर म्हणाला झिप बदललीये. आतेभाऊ म्हणतो आधी झिपचा फोटो मागव.