सेशन मधेच गायब होतंय? क्रोमचं डेव्हटूल्स नीट वापरून बघा

पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी वेबसाइटची भाषा) सेशन व्हेरिएबल, म्हणजे लॉगिन, कार्ट अशी सर्व्हरने त्या युजरसाठी जपलेली माहिती, अचानक रिकामं यायला लागलं की सगळे आधी कोड उकरत बसतात, त्यांनी हा रिव्ह्यू वाचाच. क्रोमचं डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेलं वेबसाइट तपासायचं साधन, फुकट आहे, एफ१२ दाबलं की समोर, आणि सेशनच्या भानगडीत माझ्या मते सगळ्यात आधी हेच उघडायला हवं.

आमच्या एका क्लायंटच्या साइटवर कस्टमर पेमेंट गेटवेवरून परत आला की लॉगआउट, कार्ट रिकामी आणि पैसे मात्र कट झालेले. बरं सगळ्यांना होत नव्हतं, आम्ही टेस्ट केलं की मस्त चालायचं, त्यामुळे सगळा संशय सर्व्हरवर, मग सेशनची १४४० सेकंदांची डिफॉल्ट मुदत वाढवून झाली, काही फरक नाही.

शेवटी डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब उघडला, ब्राउझर आणि सर्व्हरमधली सगळी ये-जा तिथे दिसते. तिथे 'प्रिझर्व्ह लॉग' आधी टिक करा, नाहीतर पेज बदललं की सगळं पुसलं जातं. गेटवेवरून येणारी पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्मसारखा डेटा घेऊन येणारी) उघडा, कुकीजमध्ये (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) जा, न पाठवलेल्या कुकीज दाखवायचा एक चेकबॉक्स आहे तो टिक करा. आमची सेशन कुकी, जिच्यातल्या आयडीवरून सर्व्हर युजरचं सेशन ओळखतो, तिथे पिवळी होऊन बसली होती आणि माउस नेला तर कारणही लिहिलेलं! सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची का, ते ठरवणारं कुकीचं सेटिंग) दिलं नव्हतं म्हणून क्रोमने 'लॅक्स' हा पर्याय धरला आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत कुकी पाठवलीच नाही. २०२० पासून हे असंच आहे. फक्त कुकी नवीन असेल, २ मिनिटांच्या आतली, तर सूट मिळते. आमचं टेस्ट पेमेंट त्या २ मिनिटांत उरकायचं, खरा कस्टमर कार्ड शोधणार, ओटीपीची वाट बघणार, त्याचं सेशन गेलंच.

उपाय म्हणजे सेमसाइट 'नन' (None, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलं तरी कुकी पाठव) आणि सोबत 'सिक्युअर' (कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते), पीएचपी ७.३ पासून सरळ सेट करता येतं, एचटीटीपीएस मात्र हवंच. मला त्याहून बरं वाटतं ते म्हणजे कॉलबॅक पेजवर (गेटवे कस्टमरला जिथे परत पाठवतो ते पेज) सेशन सुरूच करू नका, कारण कुकी न आल्याने तिथे नवीन आयडी तयार होऊन जुनी कुकी ओव्हरराइट होते. ऑर्डर नंबर आणि गेटवेची सिग्नेचर (निरोप खरंच गेटवेचाच आहे याची खूण) तपासून डेटाबेसमध्ये नोंद करा.

कमी एवढीच की सेशनच्या आत काय साठलंय ते इथे दिसत नाही, त्यासाठी सर्व्हरवरची सेशन फाइल उघडावी लागते किंवा एक्सडीबग (पीएचपी कोड थांबवून आतल्या किमती बघायचं साधन) लावावं लागतं. आणि तो चेकबॉक्स इतका कोपऱ्यात आहे की कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही, तो खरं तर पहिल्यापासून ऑन असायला हवा होता.